रिझर्व्हचा लाल धागा

अमडापूर, शनिवार संध्याकाळ

...अन् आईवर चिडू तरी कसा? मेन पॅराशूट फसलं तर रिझर्व्ह वाचवते. ते बंद ठेवणाऱ्या पिनले सीलचा लाल धागा असते, मुद्दाम कच्चा, हिसक्यानं तुटणारा. आईले तो उसवलेला वाटला. तिनं ओढून काढला अन् देवाचा पक्का दोरा तीन गाठी मारून बांधला.

"आता काई नाही सुटत, पोरा."

मी दोरा कापला. पिन सरकली का, समजून नाही राह्यलं.

हजार उड्या मारलेला विक्रमदादा नेहमी म्हणते, "सील तुटलं का उडी कॅन्सल बे. आधी रिपॅक, सारं उघडून नव्यानं घडी."

म्हणजे उद्याची माही पन्नासावी उडी गेली.

शिलाई मशीनवर लाल रीळ आहे. एक धागा तोडून पाह्यला. हुबेहूब तसाच.

सांग दोस्ता, दादाले खरं बोलू का हाच धागा बांधू?