बनुबाईंच्या विहिरीत अडकलेला अंतिम सामना

प्रति,
मा. टंचाई निवारण अधिकारी साहेब,
तालुका कचेरी,
जिल्हा अहमदनगर.

विषय : मौजे बोरखडी येथील अधिग्रहित विहिरीच्या तळाशी असलेला फुटबॉल, सुरुंग उडविण्यापूर्वी वर काढू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) "अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव पुढे पाठविला आहे" असे कळविणारे आपल्या कचेरीचे पत्र.

अर्जदार : राधाकृष्ण सखाराम बनकर, धंदा शिलाईकाम, मानद चिटणीस, गोदाकाठ फुटबॉल नॉकआऊट चषक समिती, मु. पो. बोरखडी.

महोदय,

दुष्काळाच्या कामात आपणांस जेवायलाही सवड होत नाही, हे मी कचेरीच्या व्हरांड्यात बसून स्वतः पाहिले आहे. माणसे पाण्यासाठी आपल्या दारात उभी असताना मी चेंडूसाठी उभा राहतो, याची मला लाज वाटते. परंतु येत्या गुरुवारी विहिरीत सुरुंग उडणार आहेत आणि त्यानंतर लिहिण्यासारखे काही उरणार नाही, म्हणून हा शेवटचा अर्ज.

१. सदर चषक सन १९२५ पासून चालू आहे. बेलापूरचे मरहूम पीरमहंमद तांबोळी हे पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आले, ते फुटबॉलचे वेड घेऊनच. चांदीचा कप आणण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. त्यांनी तांबटाकडून एका तांब्याच्या कळशीला दोन कान जोडून घेतले. तीच कळशी आजतागायत विजेत्यांना दिली जाते. त्या काळी नदीपलीकडची गावे निजामाच्या राज्यात होती. तिकडचे संघ होडीने येत आणि हरले की त्याच होडीने परत जात. बेचाळीस साली एका संघाचे चार खेळाडू तुरुंगात होते, तरी उरलेले सात जण उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले. पोलीस ॲक्शनच्या साली पलीकडून कोणी येऊ शकले नाही, तेव्हा त्यांची जागा तक्त्यावर रिकामी ठेवून सामने झाले. पासष्टच्या लढाईतही खंड पडला नाही.

या सर्व वर्षांत बोरखडीने चषक एकदाही जिंकलेला नाही. बहुधा आम्ही पहिल्याच फेरीत हरून घरी येत असू, आणि मैदान आमच्याच गावात असल्यामुळे घरी यायला वेळही लागत नसे.

२. "दुसरा चेंडू घेऊन सामना का संपवीत नाही?" असे आपल्या कचेरीतील एकाहून अधिक जणांनी मला विचारले आहे. त्याचा खुलासा असा की, तसे करता येत नाही. पूर्वी एका अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर चेंडू बदलला गेल्याचा संशय येऊन डोकी फुटली होती. तेव्हापासून प्रथा अशी आहे की, सामन्यापूर्वी चेंडूत हवा भरून झाली की त्याच्या तोंडावरील चामड्याच्या वादीचे एक टोक एका कप्तानाने व दुसरे टोक दुसऱ्याने ओढून दोघांनी मिळून गाठ मारावयाची. ती गाठ सामना संपेपर्यंत कोणी सोडायची नाही. चेंडू फुटला तर दोघांनी मिळून सोडायची, ब्लॅडरला ठिगळ लावून पुन्हा दोघांनी मिळून बांधायची. ज्या चेंडूने सामना सुरू झाला त्याच चेंडूने, त्याच बावीस जणांनी तो संपवायचा. आमच्याकडे पंच आहे, शिट्टी आहे, पण लोकांचा खरा विश्वास त्या गाठीवर आहे.

३. गेल्या नोव्हेंबरात अंतिम सामना बोरखडी व बेलापूर यांच्यात झाला. बोरखडी अंतिम फेरीत आली हेच मुळी गावाला खरे वाटत नव्हते. बायामाणसेसुद्धा हंडे बाजूला ठेवून मैदानाच्या कडेला बसली होती. मध्यंतरापूर्वीच आमचे कप्तान गहिनीनाथ यांनी गोल केला. सामना संपण्यास सुमारे दहा मिनिटे उरली असता बेलापूरचे कप्तान मोहियोद्दीन यांनी जोरदार चेंडू मारला. आमचे गोलरक्षक छगन यांनी उडी घेऊन तो दोन्ही मुठींनी बाहेर फटकावला. गोल वाचला. चेंडू मात्र मैदानालगतच्या बनुबाईंच्या विहिरीत गेला.

सदर विहीर त्याच आठवड्यात पिण्याच्या पाण्यासाठी सरकारने ताब्यात घेतली होती. एक जण लगोलग धोतर खोचून उतरू लागला, तोच प्रमुख पाहुणे म्हणून बसलेल्या महसूल खात्याच्या सर्कल साहेबांनी त्यास अडविले. सरकारी पाण्यात लेखी परवानगीशिवाय उतरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. उद्या परवानगी आणू, असे सर्वांनी ठरविले आणि सामना थांबविला. पोहऱ्याने चेंडू काढण्याचाही प्रयत्न झाला. परंतु तो तरंगत कपारीखाली जाऊन बसला. परवानगीचा तो उद्या अद्याप उगवायचा आहे.

४. पहिला अर्ज मी आपल्याकडे केला. तो पाणीपुरवठ्याकडे गेला. त्यांनी चामडे पाण्यात असल्याने आरोग्य खात्याचे मत मागविले. आरोग्य खात्याने पाण्याचा नमुना नेला आणि विहिरीत पांढरी पावडर टाकली. त्याने चेंडू पांढरा पडला. नंतर चेंडूच्या मालकीचा पुरावा मागण्यात आला. सातबारा बनुबाईंच्या नावे असल्याने विहिरीत पडलेली वस्तू त्यांची, सबब त्यांची हरकत नसल्याचे लिहून आणावे, असे सांगण्यात आले. बनुबाईंनी विनातक्रार अंगठा दिला. तो कागद नेला असता, विहीर सध्या सरकारच्या ताब्यात असल्याने बाईंना संमती देण्याचा अधिकारच नाही, असे उत्तर मिळाले. हे मी परत जाऊन बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊ, हीर माझी न्हाई, पानी माझं न्हाई, मग अंगठा तरी माझा हाय का, ते इचारून ये." तेवढे विचारण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

मधल्या काळात विहिरीवर चौकीदार नेमण्यात आला. काम मिळणे मुश्कील असल्यामुळे ती जागा आमचे गोलरक्षक छगन यांनी धरली. मी त्यांस दोष देत नाही. घरी खाणारी तोंडे आहेत. मात्र गहिनीनाथ काठावर येऊन वाकले, तर त्यांनाच हटकण्याची पाळी छगनवर येते. एकदा ते माझ्यापुढे रडकुंडीला येऊन म्हणाले, "आण्णा, गोल वाचवाया मीच हुतो, आन् आता चेंडू राखाया बी मीच हाय. मी आता कुनाकडून खेळतोय, तेवढं सांगा." याचे उत्तर आपल्यापाशी असल्यास कळवावे.

५. फेब्रुवारीत मोहियोद्दीन सायकलवरून बोरखडीस आले. त्यांचेही निम्मे खेळाडू खडी फोडायला गेले होते. "आमी हरलो असं लिहून देतो, कळशी ठिवून घ्या," असे ते म्हणाले. माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली, हे मी लपवीत नाही. मी कागददेखील काढला. परंतु गहिनीनाथ यांनी नकार दिला. दहा मिनिटांत बेलापूर दोन गोल करू शकते, हे आम्ही अनेकदा स्वतःच्या अंगावर पाहिलेले आहे. खैरातीची कळशी गावात ठेवायची नाही, असे त्यांचे म्हणणे. मग दोघेही विहिरीच्या काठावर जाऊन बराच वेळ बसले. छगनने त्यांना हटकले नाही. तेवढ्याबद्दल त्यांची हजेरी कापू नये, ही वेगळी विनंती.

६. पुढे विहीर आटली. पाणी खाली गेले तसा चेंडू कपारीतून सुटून तळाशी चिखलात येऊन बसला. आता दुपारच्या उन्हात तो काठावरूनही स्पष्ट दिसतो. विहिरीत पाणी नाही, तेव्हा उतरण्यास हरकत नसावी, असे मला वाटले. परंतु अधिग्रहणाचा हुकूम उठलेला नाही. छगन कोरड्या विहिरीवर राखण करीत आहेत.

आता विहीर खोल करण्याचे काम मंजूर झाले आहे. सुरुंगाची भोके पाडणारे मजूर गेल्या आठवड्यापासून रोज खाली उतरतात, चेंडूशेजारी बसून भाकरी खातात आणि वर येतात. मी मुकादमांस विनविले की येताना तेवढा चेंडू हातात घेऊन या. ते सज्जन गृहस्थ आहेत. पण पंचनाम्यात "विहिरीत एक चेंडू" अशी नोंद असल्याने, तो लेखी हुकुमाशिवाय हलविल्यास स्वतःच्या अंगावर येईल, अशी त्यांना भीती आहे. म्हणजे चेंडू उडविण्यास परवानगी आहे, उचलण्यास नाही.

साहेब, आता स्पष्टच लिहितो. चेंडू वर आला तरी सामना कसा पुरा करायचा, हे मला ठाऊक नाही. बावीसपैकी पुष्कळ जण गाव सोडून गेले. कोणी पाझर तलावावर, कोणी पुण्याला. आहेत त्यांच्या अंगात दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन धावण्याचे त्राण नाही. गेल्या आठवड्यात गहिनीनाथ यांनी बैल गुरांच्या छावणीत दिले आणि बायकामुलांसह गाव सोडले. बस सुटताना त्यांनी मला "चेंडू निघाला की कार्ड टाका, मी निघून येतो," एवढेच सांगितले. मी मान हलविली. कोणत्या पत्त्यावर कार्ड टाकायचे, हे विचारायचे माझ्याही लक्षात राहिले नाही आणि सांगायचे त्यांच्याही.

सुरुंग थांबवा, अशी माझी मागणी नाही. माझ्या घरी हंडे रिकामे आहेत. माझी पत्नी रतनबाई दोन कोसांवरून पाणी आणते आणि चेंडूचे नाव काढले की माझ्याशी बोलत नाही. तिचे काही चुकत नाही. गुरुवारी मीही सर्वांबरोबर लांब उभा राहीन. झरा लागला तर सगळ्यांपुढे धावत जाईन आणि मला आनंदच होईल.

तरी कृपावंत होऊन गुरुवारच्या आत एका ओळीचा हुकूम द्यावा. आपणांस सवड झाली नाही, तर माझी तक्रार नाही. अशा वेळी केवळ एवढेच करावे की, या अर्जाच्या समासात आपल्या हाताने लिहून तो दप्तरी ठेवावा : सामना थांबला त्या वेळी बोरखडी एका गोलने पुढे होती.

आपल्या हुकुमाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
राधाकृष्ण सखाराम बनकर
बोरखडी, ता. १ मे १९७३