तुमच्या हातचे निवटे

पेण, ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप सासूबाईंना नमस्कार.

तुम्ही गेलात आणि वर्षाच्या आत लग्न व्हायला हवं म्हणून मला घाईने इथे आणलं. आपली भेटच झाली नाही. माझं माहेर रोह्याकडे, खांबला. तिथे खाडी नाही, खाडीच्या चिखलातले असले बुळबुळीत मासेही नाहीत. निवटे पहिल्यांदा हातात धरले तर ते निसटून मोरीत पडले. शेजारच्या कृष्णाबाई हसल्या, "राखेत घोळव गो आधी. तुझी सासू तसंच करायची."

त्यांनीच तुमचं कालवण शिकवलं. खूप दिवसांनी जमलं. ह्यांनी एक घास खाल्ला आणि ताटावरून उठले. मला वाटलं, खारट झालं. मामंजी म्हणाले, "खारट नाय गो. तिच्या हातचं झालंय. त्याला नाय सोसत. मला वाढ."

तेव्हापासून हे कंपनीत शिफ्टला गेले की मी मामंजींसाठी निवटे करते. ते दोनदा भात घेतात. हे परत यायच्या आत मी भांडी घासून खिडक्या उघडते आणि ह्यांच्यासाठी साधं वरण लावते. ह्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

मला काय आवडतं, हेही अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं असतं, असं मी धरून चालते.

मला बिरडं आवडतं, आई. कडव्या वालांचं, गूळ जरा जास्त घालून.

तुमची सून,
वैजयंती