काउंटरवर कोण बसणार

प्रिय शिवांश,

फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

लातूरला आपल्या लॉजवर कोण उतरतं, हे पुण्यात बसून तुला आठवतं का? क्लासला लेकरं ठेवलेले आईबाप. जळकोटच्या साखराबाई नातीला भेटायला येतात, तेव्हा भाकरीचं गठुडं माझ्यापाशी ठेवतात आणि मग किल्ली मागतात. बुकिंग त्यांना ठाऊकच नाही. तू लॉज ॲपवर टाकलंस तेव्हा मला आनंदच झाला होता. नवी माणसं आली, खोल्या भरल्या, हे मी नाकारत नाही. पण कोणती खोली कधी गेली ते तुझ्या फोनला कळतं, मला न्हाई.

गेल्या रविवारी साखराबाई आल्या. नातीला ताप होता, म्हणून तिला हॉस्टेलवरून सोबत आणलेली. मी कोपऱ्यातली खोली दिली. पोरीचा जरा डोळा लागतो न लागतो, तोच नांदेडचं एक कुटुंब मोबाईल दाखवत उभं राहिलं. तीच खोली त्यांनी ॲपवर घेतलेली. तापानं फणफणलेल्या पोरीला उठवू कशी? मी त्यांना माझी स्वतःची खोली दिली, नवी चादर घातली आणि स्वयंपाकघरात अंग टाकलं. सकाळी ते माझ्या हातची चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन गेले आणि ॲपवर लिहिलं, 'फोटोतली खोली दिली नाही, मालकीण मनमानी करते.' त्यात खोटं काही नाही, म्हणूनच जास्त लागलं. लॉज यादीत खाली गेलं आणि तुझा फोन आला. तापाचं सांगितलं, तरी पोरीचा ताप उतरला का, हे तू विचारलं नाहीस. म्हणालास, "आई, तू आता काउंटरवर बसू नकोस."

तुझे अप्पा गेल्यावर ते काउंटर कुणी सांभाळलं रे?

काल त्या ॲप कंपनीचा माणूस आला. लई गोड बोलला. बोर्ड त्यांच्या नावाचा लागणार, काउंटरवर त्यांचा माणूस बसणार, तुमच्या मुलाशी सगळं ठरलंय म्हणाला. हे मला परक्याकडून कळावं? जागा माझ्या नावावर, म्हणून सही माझी हवी होती. मी त्याला चहा पाजला आणि कागद सही न करता परत दिले. आईनं नकार दिला, एवढं तो तुला सांगेल. का दिला, ते सांगणार नाही. म्हणून हे पत्र. ॲप बंद करू नकोस. ये, चार दिवस माझ्याशेजारी बस आणि त्यावर खोली कशी राखून ठेवायची ते मला शिकव. शिकेन मी. पण उठणार नाही.

तुझीच,
आई