आमच्या दारावरचं नाव

५ जुलै २०२५
मागची खोली एकदाची भाड्याने गेली! रंजिता पवार, कामठ्यात नवी आलेली नर्स, जालन्याकडची. आडनाव ऐकूनच सासूबाई खूश — "पवार हाये? मंग आपलीच पोरगी." आमचा समाज पवार, त्यातलं आमचं कूळ पारधी, आडनावही तेच. ती मात्र दारावरची पाटी वाचत उभीच राहिली. "तुम्ही पारधी?" हो म्हटलं, तर डोळे पुसायला लागली. पाटी वाचून रडणारी भाडेकरू पहिल्यांदाच पाहिली.

१९ जुलै
दीर उमेंद्र तिला रोज गाडीवर दवाखान्यात सोडतो. सासूबाईंच्या नजरेतून काय सुटतं? आज भाजी निवडता निवडता सरळ विचारलं — "पवार त हायेस, पन कूळ कोनतं?" ती म्हणाली, "आम्ही पारधी."
झालं! एका कुळात लग्न होत नाही. "मंग त उमेंद्राची बहीनच झाली तू," म्हणत सासूबाईंनी तिला हाताला धरून देवघरात नेलं. परक्या जातीचं कोणी तिथे पाऊल टाकत नाही. उमेंद्र जेवला नाही.

२० जुलै
उमेंद्र — "भाभी, मायले समजाव ना. मी तिच्या हातून राखी नाई बांधून घेत." काय समजावू? कूळ एकच.

२७ जुलै
सगळे झोपल्यावर लिहितेय.
रंजिता आईशी फोनवर बोलत होती, गुजरातीसारखं काहीतरी. आमची पवारी बोली तर नक्कीच नाही. विचारलं तर सहज म्हणाली, "आमची पारधी भाषा."
मग सगळं सांगितलं. पवार हे त्यांचं नुसतं आडनाव. जात पारधी. गावाबाहेर पालात, फाटक्या तंबूत राहायचं. कुठेही चोरी झाली की पोलीस आधी तिच्या बापाला उचलायचे. "नाव पारधी, एवढाच गुन्हा." आणि इकडे आमच्यात त्याच नावाचे लोक निवडणुकीला उभे राहतात, चौकात त्यांचे फोटो लागतात! आता कळलं, पाटी वाचून ती का रडली.
ती आम्हाला तिच्यातले समजतेय, सासूबाई तिला आमच्यातली. खरं सांगितलं तर ती बहीण उरणार नाही, उमेंद्र सुटेल — पण सासूबाई तिला त्याच दिवशी खोलीबाहेर काढतील. भर पावसाळ्यात कुठे जाईल? नाही सांगायचं. कोणालाच नाही.

३ ऑगस्ट
नवऱ्यालाही सांगितलं नाही. सासूबाई तिच्यासाठी गोंदियाहून साडी घेऊन आल्या. मला भीती वाटते.

९ ऑगस्ट
राखी झाली. उमेंद्रने मान वर केली नाही, हात तेवढा पुढे केला.
नंतर भांडी घासताना रंजिता हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्यातले नाहीत, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."
"मग मला सगळं का सांगितलंस?"
"वाटलं, राखीच्या आधी तुम्ही उमेंद्रना सांगाल."