प्रश्नात काय मागितलंय

केफ, ३ ऑगस्ट

प्रिय बेया,

तुझं पत्र आणि खजूर भरलेल्या मक्रूदचा डबा दोन्ही सुखरूप पोचले. मक्रूद वाटेत जरा चुरले होते, पण आईने दोन खाल्ले आणि तिसरा उशाखाली ठेवून दिला. विचारलं तर म्हणते, "पाहुणे आले तर?" तिचा खोकला आता कमी आहे. ऊन मात्र यंदा फार आहे. रास अल-ऐनच्या झऱ्याचं पाणीसुद्धा कोमट लागतं. अंगणातल्या अंजिराला खूप फळ आलं, निम्मं पाखरांनी नेलं.

शाहिनाझच्या निकालाच्या मेजवानीला यायचा तू फार आग्रह केला आहेस. मला जमेलसं दिसत नाही. गुडघे जिने चढू देत नाहीत, आणि तुमच्या जंदूबाच्या गाडीत आठ जणांच्या मध्ये चेपून बसायचं आता माझं वय नाही. आईला मात्र पाठवते. शेजारची वसीला तिला दारापर्यंत आणून सोडेल. नातीच्या मेजवानीसाठी तिने हिरवी ओढणी धुऊन ठेवली आहे.

तू लिहिलंस, "तत्त्वज्ञानात वीसपैकी सतरा! सगळं तुझंच पुण्य, ताई."

हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. सवयच आहे मला तशी. तुझी मुलगी दोन वर्षं माझ्या घरात राहिली, तिलाही तीच सवय लावली. पहिल्या वर्षी ती प्रश्न दिसला की शेळी कोवळ्या पाल्यात शिरावी तशी शिरायची. चार पानं भरून व्हायची आणि प्रश्न बिचारा दाराबाहेरच उभा. मी तिच्या हातातलं पेन काढून घ्यायचे. म्हणायचे, "आधी वाच. परत वाच. प्रश्न काय मागतोय? आणि मागण्याआधी त्याने गुपचूप काय धरून ठेवलंय?"

एका संध्याकाळी आम्ही घेवड्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. जुन्या परीक्षेतला प्रश्न होता, 'माणूस कायदा का पाळतो?' भीतीने, सवयीने, सोयीने, अशी तिची यादी चालू होती. मध्येच हात थांबला. "मावशी, पाळतो का, असं विचारलेलंच नाही! का पाळतो, असं विचारलंय. म्हणजे पाळतो हे त्यानं आधीच आपल्या गळ्यात मारलं!" मी तशाच हिरव्या हातांनी तिचा चेहरा धरून मुका घेतला. मला मूल नाही, बेया. त्या दिवशी आहे असं वाटलं.

असो. तुला वर्गातली गोष्ट पूर्ण ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणजे, ठाऊक आहे. तरी लिहिते.

फेब्रुवारीत मी वर्गाला सरावासाठी प्रश्न दिला, 'आज्ञाधारक माणूस चांगला नागरिक असतोच का?' सगळा तास आम्ही 'असतोच' या एका शब्दावर घालवला. मी म्हटलं, "आज्ञाधारक आणि चांगला हे दोन वेगळे शब्द आहेत. भाषेने वेगळे ठेवलेत, तर आपणही ठेवू." एवढंच. मग घड्याळाकडे पाहिलं आणि फळा पुसला.

मार्चमध्ये राजधानीहून दोन गृहस्थ आले. लामीनसाहेबांनी मला आपल्या खोलीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने कॉफी दिली. मुख्याध्यापक स्वतः कॉफी देतो तेव्हा समजावं, काहीतरी शिजलंय. तिकडे माझ्या वर्गाला भोजनगृहात बसवून एकेक कोरा कागद दिला आणि प्रश्न वाचून दाखवला, 'तुमच्या शिक्षिकेने वर्गात देशाच्या नेतृत्वाचा अपमान कोणत्या शब्दांत केला, ते लिहा.'

बोरावी नावाचा मुलगा आहे. उंच, नेहमी मागच्या बाकावर, शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. त्याने लिहिलं, 'अपमान कोणत्या शब्दांत केला असं विचारलं आहे. अपमान झाला का, हे विचारलेलं नाही. मला तो झालेला दिसला नाही, म्हणून पुढचं उत्तर देता येत नाही.' माझ्या सगळ्या नोकरीत एवढं नेमकं उत्तर मी वाचलं नाही. लामीनसाहेबांनी त्याला तिथेच उभं केलं.

"हे तुझ्या बाईंनी शिकवलं का?"

"बाईंनी वाचायला शिकवलं, साहेब."

दुपारच्या आत त्याची पुस्तकं बाहेर आणि तो फाटकाबाहेर. यंदाची परीक्षा बुडाली. आता काकाच्या दुकानात टायरला ठिगळं लावतो.

त्या संध्याकाळी मी शाहिनाझला विचारलं, "तू काय लिहिलंस ग?"

"आठवत नाही असं लिहिलं, मावशी. सगळ्यांनीच तसं लिहिलं." मग झाकण उचलून बघत म्हणाली, "आज जेवायला काय आहे?"

मला सांगण्यात आलं की परीक्षा होईपर्यंत शिकवा, मग पाहू. मी शिकवलं. मार्च, एप्रिल, मे, रोज संध्याकाळी तुझ्या मुलीला समोर बसवून शिकवलं. एप्रिलमध्ये तुझं आनंदाचं पत्र आलं की तुझे हेदी कचेरीत साहेब झाले. मी इथून बोर्झगान करून पाठवलं. खजूर, बदाम, कशात काही कमी केलं नाही. गोड लागलं ना?

जुलैमध्ये माझी चौकशी झाली. टेबलामागे तिघे, आणि एक कारकून एकेक जबानी वाचणारा, वाक्यांचे शेवट गिळत. 'आठवत नाही.' 'आठवत नाही.' 'लक्ष नव्हतं.' पोरांनी आपल्या परीने मला वाचवलं होतं. मग दोन पानांची एक जबानी निघाली. नाव वाचलं नाही. गरज नव्हती. दुसऱ्याच वाक्याला मी ओळखली. आधी प्रस्तावना, मग दोन मुद्दे, प्रत्येकाला पुरावा, शेवटी निष्कर्ष. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जातानाची जोडणीसुद्धा माझीच, मी घासूनपुसून शिकवलेली. त्यात लिहिलं होतं, 'हे वाक्य उच्चारताना शिक्षिकेने भिंतीवरच्या राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरीकडे सूचकपणे पाहिले.'

आमच्या वर्गात तसबिरीच्या बरोबर खाली घड्याळ आहे.

आणखी एक वाक्य होतं. त्याकडे मग येते.

चार दिवसांनी शाहिनाझ आपली पेटी न्यायला आली. हेदी बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. आत आले नाहीत. ती दारातच उभी राहिली.

"मावशी, रागावलीस?"

"मी तसबिरीकडे पाहिलं होतं?"

तिने बाहेर गाडीकडे पाहिलं.

"घड्याळाकडे पाहिलं होतं. तू घरी माझी नक्कल करायचीस. मान वाकडी करून, चष्मा वर सारून."

"हो."

"मग?"

"त्यांनी विचारलंच तसं होतं. तूच म्हणतेस ना, विचारणाऱ्याला काय हवंय ते आधी ओळखा."

"ओळखा म्हटलं. द्या म्हटलं नाही."

"परीक्षेत फरक पडतो का ग त्यानं? बोरावीनं ओळखलं, दिलं नाही. तो आज कुठे आहे बघ. मी टुनिसला विद्यापीठात चाललेय." पेटीकडे वळत म्हणाली, "बाबांचंही होतंच ना मध्ये."

तिच्या आवाजात माज नव्हता. माज असता तर मी थोबाडीत ठेवून दिली असती आणि मोकळी झाले असते. एखाद्या कच्च्या पोराला गणित समजावून सांगावं तशी ती मला सांगत होती. माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, पेटी उचलली आणि गेली. आई आतून ओरडली, "पोरीला जेवायला तरी थांबव!"

आता ते वाक्य. 'शिक्षिकेला लहानपणापासूनच प्रश्नालाच चिमटा काढायची खोड आहे.'

हे आपल्या बाबांचं वाक्य आहे. ओट्यावर बसून, मला चिडवायला, लाडात असले की म्हणायचे. बाबा गेले तेव्हा शाहिनाझचा जन्मही झाला नव्हता. मी तिला हे कधी सांगितलं नाही. आईला आता बाबांचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. मग राहिलं कोण, बेया?

भोजनगृहात कागद वाटले त्याच्या आधीचा शनिवार-रविवार ती तुमच्याकडे होती. प्रश्न हेदींच्या कानावर आधीच आला होता. मी विचारत नाही, सांगते आहे. तू तिला जवळ बसवलंस आणि मुद्दे काढून दिलेस. तुला नवऱ्याची बढती हवी होती, मुलीचं टुनिस हवं होतं. आईच्या जातीला हे सुटत नाही, म्हणतात. पण बाबांचं वाक्य द्यायची काय गरज होती? त्याच्याशिवायही माझं शिकवणं गेलंच असतं.

निकाल असा लागला. सप्टेंबरपासून मी दक्षिणेला, तातावीनच्याही पुढे. वर्ग नाही. कचेरीत बसून हजेरीपटांच्या नकला करायच्या. तिथे आईला नेता येणार नाही, उन्हाने ती महिनाभरही काढणार नाही. म्हणून ती मेजवानीला येतेय ती राहायलाच येतेय. तिला हे ठाऊक नाही. मला बढती मिळाली, एवढंच तिला सांगितलंय, आणि ती गल्लीभर सांगत फिरतेय. तिचे कपडे वसीलाजवळ दिले आहेत. मीठ कमी घाल. डोळ्यांचे थेंब सकाळी. दुपारी रेडिओ लावला नाही तर ती रडते. कशासाठी, तिलाही सांगता येत नाही. तेव्हा जवळ बस.

इथेच थांबणार होते. पुढचं तुला सांगायचं नव्हतं.

शाळेतून काढल्यापासून बोरावी दर शुक्रवारी दुपारी माझ्याकडे यायचा. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसणार होता. नखांत काळं ग्रीस, पण वाचायचा असा की एकेक शब्द हातात घेऊन वजन बघतोय. शाहिनाझ पेटी घेऊन गेली त्याच आठवड्यात तो आला आणि म्हणाला, "बाई, समजा पुढच्या जूनला तसाच प्रश्न आला. काय लिहू?"

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. त्याची आई मला बाजारात भेटली होती, तिने मान फिरवली होती, ते आठवलं.

मी म्हटलं, "त्यांना हवंय ते लिही आणि पास हो."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "हे तुम्ही म्हणताय, बाई?"

"हो. मीच."

त्याने वह्या गोळा केल्या, आईला सलाम केला आणि निघून गेला. पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काल मी दुकानापर्यंत गेले. दोन पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसत होते. मी हाक मारली. पाय हलले नाहीत. काकाच पुढे येऊन म्हणाला, "कामात आहे, बाई."

शिकवणं तुम्ही घेतलंत, ते मी गिळलं असतं. पण त्या पोराला ते उत्तर देणारं तोंड माझं होतं, आणि उत्तर तुमच्या घरचं.

शाहिनाझला माझा आशीर्वाद आईसमोर नक्की सांग, ती वाट पाहील. आई नसताना सांगू नकोस.

खाली 'तुझी ताई' असं लिहायला घेतलं होतं. हात चालत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिते.

दलंदा