आजोबांची उष्णता

तीर्थरूप बाबा,

सदाशिव पेठेतून पूर्णिमाचा नमस्कार. फोन कायम स्पीकरवर आणि आई शेजारी, म्हणून हे पत्र फक्त तुम्हाला. तिचे गुडघे कसे आहेत?

आधी चांगली बातमी. महिनाभर मला शौचातून रक्त जात होतं, म्हणून दुर्बिणीची तपासणी करून घेतली. मोठ्या आतड्यात लहानशी गाठ होती. ती तिथेच काढली, रिपोर्टही चांगला आला. राहिली असती तर पुढेमागे तिचा कॅन्सर होऊ शकला असता. मेसमधलं तळण आणि मैदा सोडलाय. आता ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. काळजी करू नका.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा आजार?" मी नाही म्हणाले. "आजोबा कशाने गेले?"

"उष्णतेने. रक्त पडायचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, उष्णतेने माणूस जात नाही. वडिलांना काही त्रास नसला, तरी त्यांना घेऊन या."

दोन वर्षं आपण आजोबांना ताक आणि सब्जा पाजत राहिलो, बाबा.

दिवाळीत तुमच्या उशाशी गुलकंदाची बरणी होती. विचारलं, तर तुम्ही हसून म्हणालात, "थोडी उष्णता झालीय."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी तुमचा नंबर लावलाय. आईला म्हणा, पोरीनं पुणं बघायला बोलावलंय.

बरणी तिथेच राहू द्या.

तुमची वाट बघणारी,
पूर्णिमा