एसीतली शाल

बाई, आज शनिवार. प्रॅक्टिकल संपवून मुलं गेली आणि मी कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एकटीच बसले आहे. सगळी मशीन बंद केली. घरी जायला हवं, पण उठावंसं वाटत नाही आणि धड बसवतही नाही. मघापासून खिडकी उघडून झाली, लावून झाली, फळा पुसून झाला, जो आधीच पुसलेला होता. मग म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही. विचारायचं मात्र एकच आहे आणि ते मला गेले काही महिने स्वस्थ बसू देत नाहीये. ते जादाचं वर्ष तुम्ही काढलंत कसं?

कोणतं वर्ष ते तुम्हाला सांगायला नको, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. मुलुंडच्या आपल्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा तुम्ही भूगोल शिकवत होतात. नवीन काही शिकायला सांगितलं तर स्टाफरूममध्ये तोंड न फिरवणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून ती खोली तुमच्या गळ्यात पडली. अख्ख्या शाळेत एसी असलेली तेवढी एकच खोली. मुख्याध्यापकांच्या डोक्यावरही पंखाच. धूळ जायला नको म्हणून बूट-चपला दाराबाहेर काढायच्या, मशीनवरची कव्हरं हलक्या हाताने उचलायची, आणि आत देवळात बोलतात तेवढ्याच आवाजात बोलायचं. आठवीचं पूर्ण वर्ष मी त्या खोलीला घाबरले. थंडी वाजायची, पाय गारठायचे आणि एका मशीनवर आम्ही तिघी, त्यात कीबोर्ड माझ्या हाताला लागेपर्यंत घंटा व्हायची. त्या वर्षी मला कोणी विचारलं असतं तर कॉम्प्युटर म्हणजे सर्दी, असंच मी सांगितलं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि कळलं की बाईंना कॉम्प्युटरवरून काढलं. कोणी काढलं, का काढलं, काही माहीत नाही, पण आमचं डोकं फिरलं. कॉम्प्युटरवर प्रेम नव्हतं, तुमच्यावर होतं. आम्ही सातआठजणी मुख्याध्यापकांच्या ऑफिसात शिरलो आणि मैत्रिणींनी मला पुढे ढकललं. मी म्हटलं, "सर, बाईंना काढू नका. आम्हाला दुसरं कोणी नको." सर चष्मा काढून म्हणाले, "अगं, मी कुठे काढतोय? त्यांनाच एसी बाधतो." मी म्हटलं, "मग एसी कमी करा ना सर." सर म्हणाले, कमी केला तर मशीन बिघडतील. आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "मग बाईंना शाल द्या." सर हसले. सत्कारासाठी आणलेल्या शाली कपाटात पडून होत्याच. दुसऱ्या दिवशी तुम्ही मरून रंगाची, जरीच्या काठाची शाल पांघरून त्या खोलीच्या दारात उभ्या होतात आणि आम्ही एकमेकींना कोपर मारत होतो. आम्हाला वाटलं, काय ही बाईंची निष्ठा, थंडी सोसतील पण कॉम्प्युटर सोडणार नाहीत.

त्या वर्षीचा एक तास माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही शाल खांद्यावर ओढून घेता आणि म्हणता, "आत जायची घाई नाही. आधी बाहेरच करून बघू." व्हरांड्यात आम्ही अनवाणी, आणि भिंतीला लागून आमच्या बूट-चपलांची वेडीवाकडी रांग. तुम्ही सांगता, "ह्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या. पण सगळ्या एकदम बघायच्या नाहीत. शेजारच्या दोनच जोड्या बघायच्या. डावीकडची मोठी असेल तर अदलाबदल, नाहीतर पुढे. कॉम्प्युटरला एवढंच दिसतं." मी वाकून वाकून रांगेच्या टोकापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. बाकीच्या खिदळत असतात. तिसऱ्या फेरीला मी मध्येच थांबते, कारण मला दिसतं की प्रत्येक फेरीत उरलेल्यातली सगळ्यात मोठी जोडी आपोआप शेवटाला जाऊन बसते, म्हणजे दरवेळी टोकापर्यंत जायची गरजच नाही. मी तसं म्हणते. तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "बघ, आलं ना." एवढंच. माझ्या अंगावर शहारा आला होता, बाई, आणि तो एसीचा नव्हता. पुढचं सगळं, ती पदवी, ती नोकरी, रविवारी घरात पसरलेले सुटे भाग, "हा संसार आहे की गॅरेज" म्हणणारा नवरा, सगळं त्या व्हरांड्यातून आलं.

आणि मग तुमचं दहिसरचं स्वयंपाकघर. तुम्ही रिटायर होऊन तिकडे राहायला गेला होतात आणि मी कॉम्प्युटरमध्ये पदवी मिळाल्याचे पेढे घेऊन आले होते. तुम्ही कुकरमधून फणसाच्या उकडलेल्या आठळ्या काढून सोलत बसला होतात, मलाही मूठभर दिल्यात. इस्त्रीच्या टेबलावर ती मरून शाल चौपदरी अंथरलेली, एका जागी जळलेली. मी म्हटलं, "बाई, ही शाल! एवढी थंडी सोसलीत तुम्ही आमच्यासाठी." तुम्ही एकदा शालीकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि घरातल्या बोलीत म्हणालात, "थंडीचं काय घेऊन बसलंस गो. मला काय बाधत नव्हतं. कंटाळा आला होता." मी विचारलं, कशाचा. "त्या डबड्यांचा. सुरुवातीला काय ती हौस, झोपेतसुद्धा तेच. मग एक दिवस गेली." मी विचारलं, का गेली. "का काय? गेली म्हणजे गेली. आता सरांना असं कसं सांगणार? शाळेने एवढा खर्च केलेला. म्हणून म्हटलं, एसी बाधतो. सुटलेच असते गो, तेवढ्यात तुमची वरात आली ऑफिसात." आणि तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात.

मला हसू आलं नाही. मी त्या डबड्यांवर आयुष्य लावून बसले होते. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "मग ते वर्ष सगळं खोटंच?" तुम्ही सोललेली आठळी माझ्या हातावर ठेवलीत. "खोटं कशाला? चपला खऱ्या होत्या ना? आत बसवत नव्हतं मला, म्हणून तर तुम्हाला बाहेर काढायचे." मग तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठलात आणि विषय संपला. म्हणजे तुमच्यापुरता संपला.

आता माझी हौस गेली आहे, बाई. कधी गेली ते सांगता येत नाही. माझ्याकडे कॉम्प्युटर खोलायचा एक बारीक स्क्रूड्रायव्हर होता, त्याला मी कोणाला हात लावू द्यायची नाही. एकदा कुकरचं हँडल ढिलं झालं म्हणून तो स्वयंपाकघरात नेला आणि तो तिथेच चमच्यांच्या खणात राहिला. पुढे कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की त्याची आपल्याला आठवणही झालेली नाही. एका रविवारी घरात कोणी नव्हतं, मशीन बिघडलेलं होतं, आणि मी डाळींचे डबे घासत बसले. पीएचडीसाठी नाव घातलं होतं, तिथल्या गाईडचे मेसेज वाचते आणि फोन उलटा ठेवते. लोकांना वाटतं, हल्ली प्रोग्रामसुद्धा यंत्रच लिहून देतं, म्हणून आमच्यासारख्यांचं मन उडालं असेल. तसं असतं तर बरं होतं, शिव्या घालायला कोणीतरी मिळालं असतं. माझं त्याच्या आधीच उडालं होतं. वर्गात शिकवते तेव्हा माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो, आणि त्याची भीती वाटते.

तुमचा उपायही करून पाहिला. गेल्या आठवड्यात मुलांना व्हरांड्यात काढलं आणि बूट काढायला सांगितले. आता खोलीत कोणी बूट काढून येत नाही, त्यामुळे नाड्या सोडण्यातच वेळ गेला. निम्म्यांचे बूट एकाच मापाचे. मी शेजारच्या दोन जोड्यांचं सांगितलं आणि एका मुलीने अगदी नम्रपणे विचारलं, "मॅम, हे पेपरला आहे का?" मी म्हटलं, नाही. मग आम्ही आत गेलो. मला तिचा राग आला नाही, कारण मी स्वतःच मनातून आत जायची वाट बघत होते. तुम्ही बाहेर यायची वाट बघायचात. कदाचित फरक तेवढाच असेल, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. समोरच्या मुलांत एखादी माझ्यासारखी असली तर तिला माझ्याकडून काय मिळणार, हे विचारायला मी दुसऱ्या कोणाकडे जाऊ?

गणिताची जागा रिकामी झाली आहे. मला गणित शिकवता येतं, खडू हातात घ्यावासा वाटतो. पुढच्या आठवड्यात वेळापत्रक लागेल आणि एकदा लागलं की वर्षभर सुटका नाही. म्हणून गेल्या सोमवारी मी प्रिन्सिपॉलांकडे गेले. माझ्यापेक्षा लहान आहेत, चांगला माणूस आहे. सांगा म्हणाले. आणि बाई, तुमचं सगळं माहीत असून, शाल माहीत असून, वरात माहीत असून, मी काय सांगावं? म्हटलं, "सर, स्क्रीनसमोर बसून मान फार दुखते. मला गणित द्या." ते लगेच उभेच राहिले. "मॅडम, आधी बोलायचं ना. माझ्या आईला आहे मानेचं, मला माहितीये ते. त्यासाठी विषय कशाला सोडताय? तुमच्यासारखं शिकवणारं मला कुठे मिळणार?" मी काही म्हणेपर्यंत त्यांनी फोन उचलला होता.

परवा खुर्ची आली. उंच पाठीची, मानेपाशी वेगळी उशी असलेली. शिपायाने सगळ्यांसमोर प्लास्टिक फाडलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी हसत हसत बसले. सोमवारी पुन्हा जाऊन खरं ते सांगेन, असं कालपासून घोकते आहे. सर, मला कंटाळा आलाय. एवढंच तर म्हणायचंय. पण आजवर ते मी नवऱ्यालाही म्हटलेलं नाही. तुम्हाला म्हणते आहे, कारण तुम्ही काही ते कोणाला सांगायला जाणार नाही. हा कागद घडी करून पर्समध्ये टाकीन आणि घरी गेल्यावर फाडून टाकीन. सोमवारी जाईन की नाही, देव जाणे. आत्ता त्याच खुर्चीत बसून लिहिते आहे, बाई. मान माझी कधीच दुखत नव्हती, तरी बरं वाटतंय.